सह्याद्रीच्या झुडपी बेडकांची ओळख कशी पटते

नमस्कार. आत्ता जे ध्वनिमुद्रण ऐकवलं, तो ‘टिक्-टिक्-टिक्’ आवाज तुमच्यातल्या घाटमाथ्यावरच्या मंडळींनी नक्की ऐकलेला असणार. जूनमध्ये पावसाने जम बसवला की तिन्हीसांजेला कुंपणाच्या झुडपांतून, कारवीतून, बांबूच्या बेटातून तो सुरू होतो. बहुतेक घरांत तो रातकिड्यांच्या नावावर जमा केला जातो. पण तो आहे एका बेडकाचा, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरच्या नराचा. याला झुडपी बेडूक म्हणतात. आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेकडे पार कन्याकुमारीपर्यंतच्या डोंगरांत या गटाच्या इतक्या जाती आहेत की त्यांची यादी अजून पूर्ण झालेली नाही. ही यादी कशी तयार होते, एक जात कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे कोण आणि कशावरून ठरवतं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

शाळेतली उतरंड आठवा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. हल्ली बातम्यांत ‘प्रजाती’ आणि ‘जाती’ हे शब्द सरमिसळ करून वापरतात. मी पाठ्यपुस्तकातल्या अर्थानेच वापरणार आहे, म्हणजे प्रजाती मोठी आणि तिच्या पोटात जाती. आपले झुडपी बेडूक रॅकोफोरिडी या कुलातले. या कुलातल्या बेडकांच्या बोटांच्या टोकाला गोल चकत्या असतात आणि बोटाच्या शेवटच्या दोन हाडांमध्ये कूर्चेचा एक जादा तुकडा असतो. त्यामुळे बोट कोणत्याही कोनात वाकलं तरी चकती पानाला सपाट चिकटून राहते. आंबोलीत किंवा कोयनेत पावसाळ्यात दिसणारा तो मोठा हिरवागार मलबारी उडता बेडूक याच कुलातला. तो पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो. पिल्लं बाहेर आली की खाली पाण्यात पडतात आणि तिथे बेडूकमासे म्हणून वाढतात.

झुडपी बेडकांचं तसं नाही, आणि माझ्या मते पुढची सगळी गोष्ट या एका फरकातून निघते. यांच्या आयुष्यात पाण्यात पोहणारा बेडूकमासा नसतोच. मादी थोडीशीच अंडी घालते, तीही पाण्यात नाही. कुणी पानावर घालतं, कुणी मातीत उकरून, कुणी शेवाळात. अंडं हातभर अंतरावरून टॉर्चच्या प्रकाशात पाहिलंत तर कवच नाही, नुसता स्वच्छ गोळा. त्याच्या आत हात-पाय असलेला, डोळे वटारलेला एक पूर्ण बेडूक अंग दुमडून बसलेला. त्याला एक पातळ, पसरट शेपटी असते, तिच्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, आणि तिच्यातून तो श्वास घेतो. काही आठवड्यांनी तो अंडं फोडून बाहेर येतो तेव्हा सरळ उडीच मारतो. आकार तांदळाच्या दाण्याहूनही कमी.

याचा फायदा उघड आहे. ओढा, डबकं, तळं काही नसलं तरी चालतं, डोंगरमाथ्यावरच्या झुडपातही संसार होतो. पण अंडं सुकता कामा नये, म्हणून हवेत ओल हवी, धुकं हवं, सावली हवी. या डोंगरावरून त्या डोंगरावर जायचं तर मधली कोरडी, उष्ण दरी ओलांडावी लागते, आणि ती या जिवाला ओलांडता येत नाही. बेडूकमासा असता तर निदान पुराच्या पाण्याबरोबर खाली वाहून तरी गेला असता. हे जिथे आहेत तिथेच राहतात. लाखो वर्षं असं चाललं की दर डोंगराचे बेडूक वेगळे होतात.

आता नावांकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी आणि लष्करी डॉक्टर दक्षिणेच्या डोंगरांत हिंडत होते. थॉमस जर्डन यांनी 1853 मध्ये निलगिरीकडच्या काही झुडपी बेडकांची वर्णनं छापली, पण ती दोन-चार ओळींची. पुढे बेडोम यांच्यासारख्यांनी गोळा केलेले नमुने लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये जात आणि तिथे आल्बर्ट ग्युंथर त्यांना नावं देत. ग्युंथरनी 1876 मध्ये नाव दिलेली एक जात म्हणजे चालाझोडेस. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे. नमुन्याच्या बरणीवर ठिकाण म्हणून नुसतं ‘मलबार’ किंवा ‘त्रावणकोर’ लिहिलेलं असे. जिथे दर डोंगराला बेडूक बदलतो, तिथे ‘त्रावणकोर’ या पत्त्यावरून काय शोधणार?

आपल्याकडचा बेडूकही याच काळाच्या शेपटाला सापडला. 1919 साली नेल्सन अॅनंडेल यांनी कॅसलरॉक इथून एका झुडपी बेडकाचं वर्णन केलं आणि त्याला बॉम्बेयेन्सिस असं नाव दिलं. अॅनंडेल म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पहिले संचालक. कॅसलरॉक आज कर्नाटकात, गोव्याच्या सीमेला लागून आहे, पण तेव्हा ते मुंबई इलाख्यात होतं. मुंबई शहराशी या बेडकाचा काही संबंध नाही. मुंबईतली मुलं मला नेहमी विचारतात, म्हणून सांगितलं.

या सगळ्या काळात प्रजातीचं नाव होतं इक्सालस. 1841 मध्ये दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी ते दिलं. पण प्राण्यांच्या नामकरणाचा नियम कडक आहे: जे नाव आधी एका प्राण्याला दिलं गेलं, ते दुसऱ्याला देता येत नाही. इक्सालस हे नाव 1837 सालीच एका सस्तन प्राण्याला देऊन झालेलं होतं. म्हणून ते बाद झालं आणि त्याजागी फिलॉटस हे नाव आलं. फिलॉटस हे प्रजातीचं नाव ज्या जातीला बांधलेलं आहे, ती जात जावा बेटावरची. म्हणजे जावाच्या जंगलातला बेडूक आणि महाबळेश्वरच्या झुडपातला बेडूक दीडशे वर्षं एकाच प्रजातीत बसवले गेले. त्यांच्यात नातं किती लांबचं आहे, हे कळायला डीएनए वाचता यावा लागला.

मधल्या काळातलं एक नाव मला आवर्जून घ्यायचं आहे, सी. आर. नारायण राव. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. 1932 मध्ये ‘करंट सायन्स’ हे मासिक सुरू झालं, त्याचे ते संस्थापक संपादक. 1937 मध्ये त्यांनी दक्षिण भारतातल्या अनेक नव्या बेडकांची वर्णनं प्रसिद्ध केली. चिकमगळूरकडचा फिलॉटस चॅरियस त्यांतलाच. दुर्दैवाने त्यांनी ज्या नमुन्यांवरून नावं दिली ते मूळ नमुने पुढे हरवले. मूळ नमुना हरवला की नंतरच्या माणसापुढे फक्त शब्द उरतात, आणि ‘पाठ तपकिरी, बोटांना चकत्या’ हे शब्द पन्नास बेडकांना लागू होतात. मग एकच मार्ग राहतो. जिथून राव यांनी तो बेडूक आणला त्याच जागी, त्याच हंगामात परत जायचं आणि तिथे काय आहे ते बघायचं. हे काम पुढच्या पिढीने नेटाने केलं.

या पिढीतले एस. डी. बिजू आणि बेल्जियमचे फ्रँकी बोस्सुइट यांनी 2009 साली पश्चिम घाटातल्या या गटाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यात एकदम 12 नव्या जाती होत्या. 2010 मध्ये ‘करंट सायन्स’मध्येच आलेल्या एका निबंधात बिजू, पुण्याचे योगेश शौचे, अलाँ द्युबुआ, सुशील दत्ता आणि बोस्सुइट यांनी आपल्या बहुतेक झुडपी बेडकांसाठी स्वतंत्र प्रजाती केली आणि तिला नारायण रावांचं नाव दिलं: रावऑर्केस्टेस. ज्यांचे नमुने हरवले, त्यांचं नाव असं सत्तरहून जास्त जातींच्या मागे कायमचं लागलं, तेही त्यांनीच सुरू केलेल्या मासिकातून. मला ही गोष्ट फार योग्य वाटते.

रावऑर्केस्टेसची खूण काय? अंग लहान, साधारण दीड ते साडेचार सेंटिमीटर. टाळूवर दात नाहीत. नर ओरडतो तेव्हा गळ्याखालचा स्वरकोश त्याच्या अंगाएवढा फुगतो आणि आरपार दिसतो. आणि बेडूकमासा नाही. त्या 2010 च्या निबंधातली नवी जात होती रेस्प्लेंडेन्स. अनामुडी हे पश्चिम घाटातलं सर्वांत उंच शिखर, 2695 मीटर. तिथल्या गवताळ माथ्यावर हा नारिंगी-लाल, गाठीगाठींचा, आखूड पायांचा बेडूक जमिनीवर चालतो. उड्या मारणाऱ्यांच्या घराण्यात चालणारा! आणि त्याचं सगळं जग त्या एका शिखराच्या परिसरात मावतं.

आता ‘बहुतेक’ असं मी का म्हटलं ते सांगतो, कारण तिथे आपली आंबोली येते. श्रीलंकेतही झुडपी बेडूक भरपूर आहेत. माधव मीगस्कुम्बुरा, रोहन पेथियागोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं की एवढ्याशा बेटावर यांच्या कितीतरी अनोळखी जाती आहेत. त्यांची प्रजाती वेगळी, सूडोफिलॉटस. समुद्राची पातळी खाली गेली की भारत आणि श्रीलंका जमिनीने जोडले जात. या बेडकांचे पूर्वज भारतातून बेटावर गेले, तिथे त्यांचा प्रचंड विस्तार झाला, आणि मग त्यांतली एक शाखा जमिनीच्या त्याच वाटेने भारतात परत आली. त्या परतलेल्या शाखेच्या मोजक्या जाती आपल्याकडे आहेत. एक अगस्त्यमलैकडे, एक वायनाडच्या बाजूला, आणि एक थेट सिंधुदुर्गात. बिजू-बोस्सुइट यांच्या 2009 च्या आढाव्यात आंबोलीवरून तिला अंबोली हेच नाव दिलं आहे. पावसाळ्यात धबधबा बघायला गाड्यांची रांग लागते, त्या रस्त्याच्या कडेच्या झुडपात बसलेल्या बेडकाचे जवळचे नातेवाईक श्रीलंकेत आहेत, आणि दोन पावलांवर बसलेला रावऑर्केस्टेस त्याहून लांबचा. नुसतं बघून हे कुणालाही कळलं नसतं.

मग कशावरून कळतं? या बेडकांच्या बाबतीत अंगावरून काही ठरवायला गेलात की फसगत ठरलेली. रंग तर अगदीच अविश्वसनीय. अॅक्रोपॅरलॅगी नावाची जात आहे. तिच्यात एक बेडूक हिरवा, दुसरा तपकिरी, तिसऱ्याच्या पाठीवर पट्टा, चौथ्यावर ठिपके, आणि सगळे एकाच जातीचे, एकाच ठिकाणचे. उलट बाजूने, अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन बेडकांचे डीएनए तपासले तर ते वेगळ्याच फांद्यांवरचे निघतात. म्हणून आजचा अभ्यासक कोर्टात अनेक साक्षीदार तपासावेत तसे पुरावे तपासतो. अंगाची मापं, पायाचा पडदा किती, कानाचा पडदा दिसतो की नाही हा एक. डीएनएचा क्रम हा दुसरा. कुठल्या डोंगरावर, किती उंचीवर, जमिनीपासून किती वर बसतो हा तिसरा. आणि चौथा आवाज, ज्याला मी सर्वांत वरचा मान देतो. कारण मादी नराला निवडते ती अंधारात, आवाजावरून. दोन नरांचे आवाज जर ठाम वेगळे असतील, तर त्यांना वेगळं मानणारी पहिली व्यक्ती शास्त्रज्ञ नव्हे, ती मादीच असते.

आवाज म्हणजे नुसतं ‘टिक्’ की ‘टिंग’ एवढंच बघत नाहीत. एका हाकेत किती ठोके, ठोक्यांमधलं अंतर किती, कंपनसंख्या किती, हे संगणकावर मोजतात. त्यातही हवेचं तापमान नोंदवावं लागतं, कारण गारठा वाढला की तोच नर सावकाश ओरडतो. 2021 साली सोनाली गर्ग, बिजू आणि सहकाऱ्यांनी अंग, डीएनए आणि आवाज असं सगळं एकत्र घेऊन रावऑर्केस्टेसचे 16 जातिसमूह मांडले आणि पाच नव्या जाती दिल्या. त्याआधी 2014 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजयकुमार, कार्तिक शंकर आणि सहकाऱ्यांनी घाटाचे डोंगर एकामागून एक पद्धतशीर पालथे घालून नऊ नव्या जाती दिल्या होत्या. त्यांच्या कामातून भूगोल स्वच्छ दिसतो. पालघाट खिंडीपाशी घाटाची भिंत तीस-चाळीस किलोमीटर तुटलेली आहे, आणि खिंडीच्या उत्तरेचे व दक्षिणेचे बेडूक बहुतांशी वेगळे. अनामलै, पळणी, निलगिरी या उंच डोंगरांवर जातींची दाटी.

आपल्या महाराष्ट्रात त्या मानाने जाती कमी. उन्हाळा लांब, डोंगर बुटके, सडे तापणारे. पण कमी म्हणजे संपल्या असं नव्हे. 2013 साली आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून नवी जात दिली आणि पुण्याच्या हेमंत घाटे सरांच्या सन्मानार्थ तिचं नाव घाटेई ठेवलं. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांना किडे, पाली, बेडूक बघायला शिकवलं, त्यांचं नाव एका सह्याद्रीच्या बेडकाला आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता चालाझोडेस. 1876 नंतर हा बेडूक कुणाला दिसलाच नव्हता. 2011 साली तो पुन्हा सापडल्याचं जाहीर झालं. रंग गर्द हिरवा. आणि नंतर के. एस. शेषाद्री, के. व्ही. गुरुराजा आणि डेव्हिड बिकफर्ड यांनी तमिळनाडूच्या दक्षिण टोकाच्या कलक्काड-मुंडनतुराईच्या जंगलात त्याचं घर शोधून काढलं. तिथे ओढ्याकाठी वेळूसारख्या बांबूची बेटं असतात. एखाद्या किड्याने किंवा उंदराने पेराला पाडलेली भेग असते, लांबी सेंटिमीटरभर, रुंदी त्याहूनही कमी. अडीच सेंटिमीटरचा बेडूक अंग चपटं करून त्या भेगेतून पोकळ पेरात शिरतो आणि आतून ओरडतो. मादी आत जाते, मोजकी अंडी घालते आणि निघून जाते. नर मात्र राहतो. शेषाद्री आणि बिकफर्ड यांनी पुढे काही पेरांतून नर बाजूला काढून पाहिलं. राखण नसलेली अंडी मोठ्या प्रमाणात फस्त झाली, आणि खाणाऱ्यांत त्याच जातीचे दुसरे नरही होते.

वर्गीकरणात याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध मोठा आहे. अंडी कुठे घालतो, राखण कोण करतं, हेही जातीच्या ओळखीचा भाग असतं, आणि सत्तरहून जास्त जातींपैकी फार थोड्यांच्या बाबतीत ते कुणी पाहिलेलं आहे. बरणीतल्या बेडकाकडून चालाझोडेसचा हा संसार कधीच कळला नसता. शिवाय बांबू कधी आणि कसा तोडायचा, हा प्रश्नही आता या बेडकाला विचारूनच सोडवावा लागेल. जंगल उभं असलं तरी भेग असलेली पेरं गेली की चालाझोडेसचं घर गेलं.

एका भगिनींनी चिठ्ठी पाठवली आहे: इतक्या जाती खरोखर आहेत, की अभ्यासक बारीकसारीक फरकांवरून वाटण्या करत सुटले आहेत? प्रश्न रास्त आहे. काही नावं पुढे एकत्र केली गेलीही आहेत, आणि ती व्हायलाच हवीत. नुसत्या डीएनएच्या चार टक्के फरकावरून नवी जात जाहीर करणं मलाही मान्य नाही. पण ज्या नव्या जातींत आवाज, अंग, डीएनए आणि डोंगर हे चारही एकाच बाजूने बोलतात, तिथे शंकेला जागा राहत नाही. आणि उलट चूक जास्त महागात पडते. श्रीलंकेत संग्रहालयांतले जुने नमुने नीट तपासल्यावर लक्षात आलं की त्यांतल्या डझनाहून जास्त जाती आता जंगलात सापडतच नाहीत. नाव मिळालं तेव्हा त्या नाहीशा झालेल्या होत्या. आपल्याकडेही प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांत ‘झुडपी बेडूक, एक जात’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे. कोणती जात? ती राज्यभर आढळणारी आहे की त्या एकाच सड्यावरची? यावर तो सडा राहणार की खाण होणार हे ठरू शकतं, म्हणून मला असं मोघम लिहिलेलं वाचून राग येतो. जगभरातल्या उभयचरांपैकी सुमारे 41 टक्के जाती धोक्यात आहेत, असं 2023 च्या जागतिक आढाव्यात दिसलं. त्यात आपले डोंगर आघाडीवर आहेत.

दुसरी चिठ्ठी: आम्ही शास्त्रज्ञ नाही, आम्ही काय करू शकतो? पुष्कळ. तुमच्या गावाच्या घाटात, देवराईत, कुंपणात येत्या पावसात आवाज ऐकू आला तर मोबाइलवर निदान दोन मिनिटं तो मुद्रित करा. त्यापूर्वी तोंडाने सांगा: तारीख, वेळ, गावाचं आणि जागेचं नाव, बेडूक जमिनीपासून किती वर आहे, कोणत्या झाडावर आहे, गारठा आहे की उकाडा. जमलं तर लांबूनच फोटो, एक बाजूने आणि एक वरून. हात लावू नका. हातांना डास पळवायचं औषध किंवा साबण असतो, आणि बेडकाची कातडी श्वास घेते. त्याला फोटोसाठी उचलून दुसऱ्या पानावर बसवू नका. मुद्रित केलेला आवाज परत वाजवून त्याला बोलावू नका, त्याच्या विणीच्या रात्री थोड्याच असतात. आणि एकाच रात्री भरपूर बेडूक शोधण्यापेक्षा एकाच जागी जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला जा. कोणत्या तारखेला पहिला आवाज आला, कोणत्या तारखेला थांबला, एवढी नोंद पाच-सहा वर्षं ठेवलेलं एक तरी गाव महाराष्ट्रात असावं अशी माझी फार इच्छा आहे. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी व्याख्यान संपल्यावर पुढे या. नोंदीचा कागद मी छापून आणला आहे.